जुने अमेरिकन डॉलर जमवताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाणं घासणं. चांदी काळवंडली की आपल्याकडे चिंच, लिंबू नाहीतर टूथपेस्ट लावून ती लख्ख करतात. देवघरातल्या निरांजनाला ते चालतं, मॉर्गन डॉलर या चांदीच्या अमेरिकन नाण्याला (१८७८–१९०४ आणि १९२१) नाही. ठसा बसताना दाबाखाली धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, ते या रेषांमुळेच. घासल्यावर त्या जातात आणि परत येत नाहीत. असं नाणं सगळीकडून सारखंच चकाकतं. दहापट भिंगातून एकाच दिशेचे केसासारखे ओरखडेही दिसतात. नैसर्गिक काळसर-निळा थर असेल तर हात लावू नका. तो सुंदर असेल तर शौकीन त्याचे जास्त पैसे मोजतात.

हिरवट चिकट थराची गोष्ट वेगळी. तो मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या अल्बममुळे येतो आणि हळूहळू धातू खातो. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या (नेलपॉलिश रिमूव्हर नको) आणि नाणं पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. न घासता बाहेर काढा, स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून एकदा फिरवा आणि वाळू द्या. खिडकी उघडी हवी, गॅस बंद. पडलेले खड्डे मात्र तसेच राहतात. पुढे पॉलिएस्टरची पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या वापरा.

कमी बसलेल्या ठशाला झीज समजणं, ही दुसरी चूक. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतल्या (नाण्यावर ओ ही खूण) मॉर्गनमध्ये पुढच्या बाजूच्या स्त्रीमुखाच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती बरेचदा सपाट असते. तिथे झळाळी शाबूत असेल तर ठसाच कमी बसलाय. भाग मंद, राखाडी असेल तर झीज. मॉर्गननंतर आलेल्या चांदीच्या पीस डॉलरच्या १९२१ च्या नाण्यांचंही तेच. अँथनी डी फ्रान्सिसींच्या डिझाइनचा उठाव इतका जास्त होता की मधले केस नीट उमटत नव्हते. १९२२ मध्ये तो कमी करावा लागला.

बफेलो निकेल या पाच सेंटच्या नाण्यावर सालाचे आकडे उंच भागावर असल्याने ते आधी झिजतात. अ‍ॅसिड लावून साल 'परत आणलेलं' नाणं विकलं जातं. आकड्यांभोवतीचा खरखरीत डाग पाहा.

बनावट नाण्यांसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि व्यास मोजायला कॅलिपर हवाच. मॉर्गन आणि पीस दोन्ही २६.७३ ग्रॅम, ३८.१ मिमी, आशियाशी व्यापारासाठी काढलेला ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅम. जुन्या नाण्यात झिजेमुळे थोडी घट चालते, ठळक वाढ नाही. चुंबकाला चिकटलं तर खोटं. पण न चिकटणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे, पितळही चिकटत नाही. १८९३-एसचे (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण एस) फक्त १,००,००० मॉर्गन डॉलर निघाले, म्हणून खूण नसलेल्या साध्या १८९३ वर एस चिकटवतात. मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली त्या अक्षराभोवती सांधा शोधा.

आणि हो, डॉलर पान उलटावं तसा उलटला की गरुड डोक्यावर उभा दिसतो. भारतीय नाण्यांची सवय असलेल्यांना ते चुकलेलं नाणं वाटतं, पण अमेरिकेत ठसे असेच बसवतात. दोन्ही बाजू सरळ दिसल्या, तर मात्र वजनकाटा काढा.