माशांत नर-मादी ठरवणारा जीन कसा शोधायचा

आधी हे डोक्यातून काढून टाका की एका माशात जो जीन सापडला तोच त्याच्या भाऊबंदांत असणार. सस्तन प्राण्यांत बहुतेक सगळीकडे नर ठरवणारा जीन एसआरवायच असतो, म्हणून आपल्याला तसं वाटतं. माशांत तसं काही नाही. मेडाका या छोट्या जपानी माशामधे 2002 साली डीएमवाय हा नर ठरवणारा जीन सापडला, पण त्याच्याच वंशातल्या लुझोनेन्सिस या जातीमधे ते काम जीएसडीएफ या जीनची वाय क्रोमोसोमवरची कॉपी करते आणि डॅन्सेना या जातीमधे सॉक्स3 हा जीन.

तर सुरुवात नमुन्यांपासून. रंगावरून नर-मादी ठरवू नका, मासा कापून आतला वृषण की अंडाशय ते मायक्रोस्कोपखाली बघा. शिवाय पिल्लं कुठल्या तापमानात वाढली ते लिहून ठेवाच, कारण मेडाकाची पिल्लं जास्त गरम पाण्यात वाढली तर एक्सएक्स, म्हणजे क्रोमोसोमनुसार मादी, असूनही नर होतात आणि असे दोनचार मासे मिसळले की पुढचा सगळा डेटा गोंधळला.

मग सगळ्या नरांचा डीएनए मिसळून एका पूलमधे, माद्यांचा दुसऱ्या, आणि दोन्हीचं सीक्वेन्सिंग. एखादा तुकडा फक्त नरांत दिसला तर एक्सवाय पद्धत (नरात दोन वेगळे लिंग-क्रोमोसोम), फक्त माद्यांत दिसला तर झेडडब्ल्यू (मादीत दोन वेगळे). पण नुसता तुकडा शोधत बसलात तर फुगू हा विषारी पफरफिश हातचा जाईल! त्याच्यात वेगळा तुकडाच नाही, एएमएचआर2 जीनमधे एका अक्षराचा फरक आहे: मादीत दोन्ही कॉप्यांवर एकच अक्षर, नरात एक सी एक जी. म्हणून एका लिंगात सतत हेटेरोझायगस, म्हणजे दोन कॉप्यांवर वेगळी अक्षरं, दिसणाऱ्या जागाही तपासा.

उमेदवार मिळाला की तो आला कुठून ते बघा, मला तर यातच खरी मजा वाटते. डीएमवाय म्हणजे 9 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या डीएमआरटी1 या जीनची कॉपी, जी 1 नंबरवर जाऊन बसली आणि तोच वाय झाला. रेनबो ट्राउटचा नर ठरवणारा जीन एसडीवाय तर चक्क इम्युनिटीच्या आयआरएफ9 या जीनपासून निघालाय, म्हणजे फक्त ओळखीच्या जीनची यादी घेऊन बसलात तर हा सापडलाच नसता.

आणि पुरावा दोन्ही बाजूंनी हवा. जीन बिघडवला तर एक्सवाय मासा मादी व्हायला पाहिजे, आणि एक्सएक्समधे घातला तर नर. मेडाकात दोन्ही दिसलंय, उलट बिघडलेल्या डीएमवायच्या एक्सवाय माद्या निसर्गातच सापडल्या होत्या.

झेब्राफिश वापरणार असाल तर जंगली मासे मिळवा, लॅबमधल्या एबी आणि टीयू जातींत 4 नंबरच्या क्रोमोसोमवरचा तो लिंगाशी जोडलेला भाग आता उरलेलाच नाही.