पलटणीतल्या पणजोबांचा माग काढण्याआधी

कुठल्याही कचेरीची पायरी चढण्याआधी चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, वाट पाहा. वर्षातून तेव्हाच सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधून झाली, जेवणं आटोपली की दुपारी थोडी उसंत मिळते. तेव्हा म्हाताऱ्या आत्याजवळ, काकीजवळ वही घेऊन बसा. पुरुषांना नंतर विचारा. पणजोबांनी कुठे बंदूक चालवली ते पुरुष सांगतील, पण पेन्शन कुणाच्या नावावर यायचं आणि ते आणायला कोण कुठे जायचं हे बायकांनाच ठाऊक असतं. सैनिक लढाईत गेला असेल तर पेन्शनचा कागद त्याच्या बायकोचा असतो, म्हणून शोधही तिच्यापासून सुरू करायचा.

हे मला उशिरा कळलं. आमचे पणजोबा गोव्यातल्या पेडण्याचे. बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, तिथे कुतच्या वेढ्यात सापडले आणि परत आले नाहीत. घरातलं शेंबडं पोरही एवढं सांगेल. तेवढ्याच माहितीवर मी दोन वर्षं त्यांच्या नावाने अर्ज करत राहिलो आणि हाती काही लागलं नाही. मग एका चवथीला आत्या सहज म्हणाली, "अरे, पेन्शन तर आजीचं होतं. ती तेव्हा बांद्याला राहायची ना, माहेरी." सासरी तिचं नाव सीता, माहेरचं गंगू. पेन्शन सावंतवाडीला मिळायचं, म्हणून मुलाला घेऊन ती बांद्याला राहिली. १९५५ साली भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधली सीमा बंद झाली तेव्हा ती पलीकडेच अडकली आणि गोवा मुक्त झाल्यावर पेडण्याला आली. तिच्या भावाच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत कागद मिळाला. वर नाव गंगू, गाव बांदा, खाली शाईने उठवलेला अंगठा आणि कारकुनाच्या अक्षरात ओळखीची खूण: डाव्या हाताची करंगळी वाकडी. आत्याला लगेच आठवलं, कांडप करताना मुसळ बसलं होतं. आमच्याकडे पणजीचा एकही फोटो नाही. तिच्या शरीराबद्दल आम्हाला माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि भावांची नावं. दुसऱ्या पानावर पणजोबांचं नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं गेलं असेल तितक्या तऱ्हांनी. इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. पोर्तुगीज दप्तरात क साठी सी किंवा क्यू, श साठी एक्स आणि व च्या जागी अनेकदा यू असतो. केरकर, गावकर, सावंत ही आडनावं तिथे पटकन ओळखू येत नाहीत. गोव्यात १९९० चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आल्यावर पुष्कळांनी आडनावं बदलली. तुमच्याही घरात तसं झालं असेल तर जुनं आडनाव ठळक लिहून ठेवा.

मग पदक. असलं तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्यातला नंबर सर्वांत मोलाचा, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार शिपाई सापडतात. चवथीच्या भांड्यांबरोबर पदक चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून कडेचा फोटो घ्या. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर माणूस बहुधा लढणारा शिपाई नसून मजूर तुकडीत किंवा पलटणीबरोबरच्या कामकऱ्यांत होता, म्हणून अर्जही तसा लिहावा. पलटणीच्या आकड्याने गोंधळू नका: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी १९२२ साली एकत्र होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. कुतमध्ये त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली.

गोव्यात 'मिलिटरीत होते' या शब्दांचा अर्थ एकच नसतो. पोर्तुगिजांनी आपलं इथलं सैन्य १८७१ साली बंडानंतर मोडलं. १८९५ साली मोझांबिकला जायला नकार देऊन पोर्तुगिजांच्या चाकरीतले मराठा शिपाई उठले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. तुमच्या घरची गोष्ट या बाजूची असेल तर बेळगावऐवजी पणजीचं पुराभिलेख खातं आणि सेंट्रल लायब्ररी गाठा. सरकारी बोलेतीं, म्हणजे गॅझेट, १८३७ पासून छापलं जात होतं. नेमणुका, बदल्या, निवृत्ती त्यात येतात. पोर्तुगीज येत नसलं तरी पाचसहा शब्द घोकून जा: सोल्दादो म्हणजे शिपाई, काबो म्हणजे नाईक, रेफोर्मादो म्हणजे निवृत्त आणि व्यूवा म्हणजे विधवा. हा शेवटचा शब्द शोधत पानं उलटा. ओळखपत्र, साधा अर्ज, पेन्सिल आणि भिंग जवळ असू द्या, आणि फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकाचं काम त्या मानाने सोपं. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जायचं किंवा त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावलाच आहे. मृत्यूचा दाखला तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून आधीच काढून ठेवा.

आता स्मशानं. हिंदू सैनिकाचं थडगं शोधत फिरू नका. दहन झालं किंवा देह मिळालाच नाही, म्हणून त्यांची नोंद स्मारकांवर असते. महायुद्धांत गेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव, नंबर किंवा पलटण टाकून शोधता येतं, आणि कित्येक नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गावही असतं. इथे दुसऱ्या पानावरची सगळी स्पेलिंगं एकेक करून टाका. मेसोपोटेमियात ज्यांचं थडगं सापडलं नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक आहे. तिथल्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा: आणखी इतके हिंदी सैनिक. त्यांची नावं रजिस्टरात राहिली. सगळ्यांना सारखा मान मिळाला नाही, हे कमिशनने २०२१ साली स्वतःच मान्य केलं. मला त्याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

ख्रिस्ती घरांनी आधी इगर्जीतली (चर्चमधली) बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं पाहावीत, कबरस्तान मागाहून. आपल्याकडे बहुतेक कबरी काही वर्षांनी उघडून दुसऱ्याला देतात आणि हाडं वेगळी ठेवतात, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा दगड जागेवर असेलच असं नाही. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आसपास जा. पाऊस सरलेला असतो, कबरी साफ केलेल्या असतात आणि घरची माणसंही तिथे भेटतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी न्या. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू यांतलं काही दगडाला लावू नका. दोनापावलजवळचं इंग्रजांचं कबरस्तान १७९९ ते १८१३ या काळात इथे राहिलेल्या ब्रिटिश फौजेच्या आठवणीचं आहे. पाहण्यासारखं आहे, पण आपला शिपाई तिथे सापडायचा नाही.

सापडलेला कागद लॅमिनेट करू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून वाळवी-कसरीपासून दूर ठेवा, आणि कचेरीत नेहमी झेरॉक्सच द्या.

आणखी एक काम चवथीनंतरच्या पंधरवड्यातलं. कमिशनच्या नोंदीत मृत्यूची तारीख असते. ती उतरवून भटजींकडे न्या आणि जुन्या पंचांगावरून तिथी काढून घ्या. आमच्याकडे दिवस माहीत नाही म्हणून पणजोबांचा म्हाळ सर्वपित्री अमावास्येलाच घालत. यंदा तो षष्ठीला घातला.