तिसऱ्या फेरीची तयारी : भरती, पेपर किंवा मुलाखतीआधी मन घट्ट कसं करायचं

सैन्यभरतीतली सोळाशे मीटरची धाव म्हणजे चारशे मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, आणि पोरं गळतात ती तिसरीत. पहिलीत सगळ्यांच्याच अंगात वारं असतं. दुसरीत पाय अजून ऐकतात. चौथीत शेवट समोर दिसतो, म्हणून अर्धमेलासुद्धा धावतो. तिसरीत ना सुरुवातीचा जोर, ना शेवटाची आशा. तेव्हा डोक्यात एक आवाज येतो, "बस्स की आता, पुढच्या वर्षी बघू." माझ्या पहिल्या भरतीत मला तो आवाज आला आणि मी त्याचं ऐकलं. पाय दुखत होते, पण थांबण्याइतके दुखत नव्हते. हे मला घरी परतताना बसमध्ये कळलं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच. त्यामुळे खानापूर-बेळगाव पट्ट्यात पहाटे पाचला कुठल्याही माळावर जा, पोरं पळताना दिसतील. आता पोरीही दिसतात. दिवसा माझं दुकान असतं, पहाटे मी अशाच एका माळावर घड्याळ घेऊन उभा असतो. "आत्मविश्वास ठेव" हे या पोरांना वेशीवरचा प्रत्येक मामा सांगतो. ठेवायचा ठीक आहे, पण आणायचा कुठून, ते कुणी सांगत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे तो आणायचा कसा, ते खाली लिहितो. भरतीचं उदाहरण घेतलंय कारण मला ते ठाऊक आहे. तुमचा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) पेपर असो की बँकेची मुलाखत, पायऱ्या त्याच.

पायरी १ : भीतीचा आकडा काढा

"माझं कसं होणार" या प्रश्नाला उत्तर नसतं. "माझी एक फेरी किती सेकंदांची" याला असतं. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत मारलं तर पूर्ण ६० गुण, आणि दहा बीम (दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं) काढले तर ४० गुण. ५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ३३० सेकंद. भागिले चार, एका फेरीला साडेब्याऐंशी. मी पोरांना ८०, ८४, ८४, ८२ अशी वाटणी देतो. पहिली फेरी ७० सेकंदांत मारणाऱ्याला बघे टाळ्या वाजवतात, आणि तिसरीत तोच पोटाला हात लावून चालत असतो. मीही त्यातलाच होतो.

मैदान नसेल तर गवंड्याकडून ३० मीटरचा टेप मागून आणा, माळावर चुन्याने खुणा करा. गोव्याच्या हायवेवर पळू नका. पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

आज तुमची फेरी ९५ सेकंदांची असेल तर तसंच लिहा. आकड्याला लाजू नका. साडेबारा सेकंद कमी करायचे आहेत एवढंच काम उरलं, आणि त्याला बारा आठवडे आहेत असं धरू. पेपरचंही तसंच. तीन तास, इतके प्रश्न, एकाला किती मिनिटं, हे कागदावर मांडलं की निम्मी धडधड तिथेच उतरते.

पायरी २ : शंभर पानी वही

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पोरं नेमकी हीच टाळतात. त्यांना वाटतं लिहिणं म्हणजे अभ्यास.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की "हे मला जमेल" हा भरवसा चार वाटांनी येतो : स्वतः करून दाखवलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. वेशीवरचा मामा तिसरी वाट चालवत असतो, म्हणून त्याचा धीर मैदानाच्या गेटापर्यंतच टिकतो. पण गंमत अशी की केलेलं माणूस विसरतो आणि चुकलेलं लक्षात ठेवतो. म्हणून वही.

रोज एक ओळ. तारीख, झोप, काय केलं, किती वेळात, आणि मन कसं होतं ते एका शब्दात. आमच्यातल्या एका पोराच्या वहीतल्या ओळी त्याला विचारून देतो :

"१२ जुलै. पाऊस. झोप ५ तास, रोप लावणीला होतो. उठावंसं वाटलं नाही. गेलो. ३ किमी हळू. मन : कंटाळा."
"१३ जुलै. पाऊस. ४०० × ५. ८८, ८७, ९०, ९१, ८९. मन : बरं."
"१४ जुलै. बीम ६. सातवा अर्धा. मन : राग."

यात वीरश्री कुठे आहे? कुठेच नाही. पण खानापूरकडच्या जुलैच्या पावसात ज्याने "गेलो" हा शब्द अठरा वेळा लिहिलाय, त्याला तिसऱ्या फेरीतला आवाज काय सांगणार? त्याच्याकडे पुरावा आहे.

आठवड्याचा क्रम साधारण असा : सोमवारी ५ किलोमीटर, बोलता येईल इतक्या हळू. मंगळवारी चारशेच्या पाच फेऱ्या ठरलेल्या वेगाने, मधे दोन-तीन मिनिटं चालणं. बुधवारी बीम. दहा निघत नसतील तर उडी मारून हनुवटी दांड्यावर न्यायची आणि पाच मोजत हळूहळू खाली यायचं, याने ताकद लवकर येते. गुरुवारी चढ. येळ्ळूरच्या बाजूच्या पोरांना राजहंसगड आहेच, बाकीच्यांनी आपापली टेकडी शोधावी. शुक्रवारी हलकं, नऊ फुटी खड्ड्याची उडी आणि बॅलन्सचा सराव. शनिवारी एका आठवड्याआड पूर्ण १६०० मीटर घड्याळावर. रविवारी झोपा. रविवारी पळणाऱ्याला मी रागावतो. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा, त्यात मर्दुमकी नाही. आणि जिमबाहेर कुणी "ताकदीचं इंजेक्शन" देतो म्हणाला तर तिथून निघा.

एक नियम माझ्याकडून : ज्या दिवशी काहीच नको वाटतं, त्या दिवशी बूट घालून वेशीपर्यंत जायचं. तिथून परत यायला परवानगी आहे. आजवर वेशीवरून परत आलेले मला फार थोडे भेटलेत.

पायरी ३ : वाईट दिवसाची तालीम करा

रोज चांगली झोप, पोटात नाचणीची आंबील, ओळखीचा माळ, चार दोस्त. अशा तयारीवर भरतीचा दिवस मात्र वेगळाच निघतो. आदली रात्र टेम्पोत किंवा फुटपाथवर, तीनला रांगेत, दोन-दोन तास उकिडवं बसणं, मग अनोळखी मैदानात शंभर पोरांच्या कोपरांमध्ये धावणं. शरीर तेच असतं. बिचकतं ते मन, कारण त्याने हे कधी पाहिलेलं नसतं.

म्हणून तीन आठवड्यांतून एकदा आम्ही मुद्दाम दिवस बिघडवतो. रात्री अकराला झोपायचं, तीनला उठायचं. माळावर रांगेत दीड तास बसायचं, मोबाईल बंद. पोटात एक केळं. शेजारच्या दोन गावांतली पोरं बोलावून तीस-चाळीसजण एकदम सोडायचे. मी मधूनच ओरडतो, कुणाला उगाच रांगेतून बाहेर काढून परत शेवटी उभा करतो. पहिल्यांदा सगळ्यांचा वेळ दहा-बारा सेकंदांनी घसरतो. चौथ्या वेळेपर्यंत घसरण चार-पाच सेकंदांवर येते. हा फरक पायांचा नसतो.

पेपरवाल्यांनी हेच टीव्ही चालू असलेल्या खोलीत, कडक बाकावर, पाणी न पिता एक पूर्ण पेपर सोडवून करावं. घरचे ओरडतील. ओरडू देत, तेवढीच तालीम.

पायरी ४ : "जर-तर" आधीच लिहून ठेवा

ऐनवेळी विचार करायला वेळ नसतो, म्हणून निर्णय आधी घ्यायचा. वहीच्या शेवटच्या पानावर चार-पाच वाक्यं. "सुरुवातीला धक्का लागून मागे पडलो, तर दोनशे मीटर तसाच पळेन, लगेच भरून काढायला जाणार नाही." "तिसऱ्या फेरीत बस्स म्हणणारा आवाज आला, तर समोरच्याच्या पाठीवरचा नंबर वाचेन आणि शंभर पावलं मोजेन." शंभर मोजून होईतो साधारण दीडशे मीटर सरतात आणि फेरी अर्ध्याकडे येते.

रात्री डोळे मिटून ही धाव मनात पळून बघा, पण हातात घड्याळ ठेवा. बहुतेकांची मनातली धाव दोन मिनिटांत संपते आणि ते पहिले येतात! ती धाव नव्हे, स्वप्न झालं. मनातही साडेपाच मिनिटं लागली पाहिजेत, आणि तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली पाहिजे.

पायरी ५ : कागद

आमच्या भागात पोरं पायांपेक्षा कागदांवर जास्त घाबरतात, आणि त्यांचं चूकही नाही. शाळा मराठी, जातीचा दाखला कन्नडमधून, आधार इंग्रजीतून. एकाच पोराचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. कुठे यल्लाप्पा, कुठे येल्लप्पा, कुठे आडनावाच्या जागी बापाचं नाव. माझ्या मार्कशीटवर आणि रहिवासी दाखल्यावर एका अक्षराचा फरक होता. दुसऱ्या भरतीत मला बाजूला उभं केलं, आणि कागद पटेपर्यंत तासभर मी उन्हात. माझा नंबर आला तेव्हा पाय शिसं झालेले. चूक माझीच, घरी बसून दोन कागद शेजारी ठेवून मी कधी वाचलेच नव्हते.

तेव्हा फॉर्म भरायच्याही आधी सगळे कागद जमिनीवर मांडा, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख बोट ठेवून वाचा. दुरुस्ती लागली तर नाडकचेरीची (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीची) चक्कर आजच मारा, तिथे काही आठवडे जाऊ शकतात. मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, फोटो एकाच फाईलमध्ये. ज्याची फाईल चोख, तो रांगेत गप्पा मारत बसलेला असतो.

पायरी ६ : तोंड उघडायची सवय

कर्नाटक सरकारच्या नोकरीला, बहुतेक कचेऱ्यांच्या खिडकीवर कन्नड लागतं. शाळेत शिकलेलं असतं, वाचताही येतं, पण समोरच्याने भरभर विचारलं की टाळा लागतो. तुम्हाला कन्नड येत नाही असं नाही. तुम्ही ते मोठ्याने कधी बोललेलाच नाहीत.

दहा-बारा वाक्यं निवडा : नाव, गाव, शिक्षण, वडील काय करतात. आठवडाभर ती एकट्याने, मोठ्याने. दुसऱ्या आठवड्यात बसच्या कंडक्टरशी फक्त कन्नडमध्ये तिकीट. तिसऱ्यात बाजारात भाव करा. चौथ्यात एखाद्या कचेरीत जाऊन साधी चौकशी. आणि दोन वाक्यं तर झोपेतही आली पाहिजेत : "इन्नोम्मे हेळी सार" आणि "स्वल्प निधानवागि हेळी". पुन्हा सांगा, जरा हळू सांगा. समोरचा चिडेल असं वाटतं. उलट तो बहुधा हळू बोलू लागतो. लोक हसतील म्हणता? हसले एक-दोघं, तर वहीत लिहा : "हसले. बोललो."

पायरी ७ : त्या दिवशी

नवीन काही करायचं नाही. नवे बूट नाहीत, नवं खाणं नाही, दोस्ताने आणलेली पावडर नाही. धडधड होणारच, ती थांबवायच्या मागे लागू नका. गाडी चालू झाल्याचा तो आवाज आहे. फारच वाढली तर चार मोजत श्वास आत, सात-आठ मोजत बाहेर, असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदय जरा मंदावतं, म्हणून सोडणं लांब. रांगेत बसल्यावर वहीची पाच-सहा पानं चाळा. बाकीचे काय वेळ मारतात ते ऐकू नका. रांगेत प्रत्येकजण पाच-दहा सेकंदांची थाप मारतो.

नाही झालं तर

बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली. शेतकऱ्याची पोर, मूळची ज्यूदोची. ज्यूदोत नवख्याला डाव नंतर, आधी पडायला शिकवतात. पाठीवर पडायचं, हात आपटून मार वाटून घ्यायचा, लगेच उठायचं. आठवडेच्या आठवडे नुसतं पडणं. मला ही शिकवण्याची पद्धत आपल्या मैदानांवरही हवी होती, असं नेहमी वाटतं.

तर पडायची रीत अशी. पहिला दिवस रडा, चिडा, कुणाशी बोलू नका. आईला तेवढं जेवून दाखवा. दुसऱ्या दिवशी वहीत तीन ओळी : कुठे गेलं, किती सेकंदांनी गेलं, त्यातलं माझ्या हातात काय होतं. "नशीब" लिहायला मनाई. वय बसतंय का, पुढची जाहिरात कधी, दुसरी कुठली परीक्षा खुली आहे, हे त्याच दिवशी बघून घ्या. तिसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून वेशीपर्यंत.