मारुती ८००चा इंडिकेटर स्विच बदलायला बसण्याआधी

स्विच विकत आणण्याआधी दोष त्याचाच आहे ना, ते बघा. हॅझर्ड लावला की चारही दिवे लुकलुकतात, पण इंडिकेटरच्या दांडीवर एकच बाजू लागते किंवा दांडी हातानं धरून ठेवावी लागते, तर बहुधा स्विचच गेलाय. दांडीवर दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज. एक बाजू नेहमीपेक्षा घाईनं लुकलुकत असेल तर तिथला २१ वॅटचा बल्ब उडालाय, स्टीअरिंग उघडू नका.

नवा स्विच नुसतं मॉडेल सांगून आणू नका. स्टीअरिंग कॉलमचं प्लॅस्टिक कव्हर काढून कपलरचे (वायर जोडायच्या प्लगचे) फोटो घ्या, दुकानात पिना मोजा, वायरचे रंग जुळवा. कार्ब्युरेटरच्या आणि एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीचे कपलर सारखेच असतील असं धरून चालू नका.

हत्यारं: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला १० चा पाना, स्टीअरिंगच्या नटासाठी १७ आणि १९ च्या गोट्या (सॉकेट), फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, स्टीअरिंग ओढून काढायचा पुलर. आणि नेलपॉलिश. नेलपॉलिश विसरलात तर काम सुरूच करू नका. मागच्या खेपेला नेमकं तेच राहिलं होतं.

बॅटरीची वायर काढा, चाकं सरळ करा, हॉर्न पॅड काढा, नट काढा आणि तिथेच थांबा. शाफ्टच्या टोकापासून स्टीअरिंगच्या मधल्या भागावर येईल अशी एक सलग रेघ ओढा. खडू नको, पेनही नको, ग्रीसच्या बोटानं दोन्ही पुसले जातात. नेलपॉलिश पूर्ण वाळू द्या. ही खूण नसेल तर स्टीअरिंग एक दाता इकडेतिकडे बसतं: गाडी सरळ जाते, स्टीअरिंग वाकडं दिसतं, आणि वळण संपल्यावर इंडिकेटर एका बाजूला लवकर, दुसऱ्या बाजूला उशिरा सुटतो. मग लोक अलाइनमेंट करून घेतात आणि नसलेला दोष दुरुस्त करायला पैसे घालवतात. खूण करा. घाई असली तरी करा.

मग नट दोन-तीन आटे परत चढवा आणि पुलर लावा. नट नसेल तर अडकलेलं स्टीअरिंग सुटताना थेट तोंडावर येतं. शाफ्टवर हातोडी अजिबात नको, आटे चेपले की नट परत चढत नाही.

कपलर लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका. नव्या स्विचची दांडी मध्यावर ठेवूनच स्टीअरिंग बसवा, नाहीतर आपोआप सुटण्याचा प्लॅस्टिकचा खटका पहिल्याच दाबाला तुटतो. नट आवळण्याआधी खूण जुळली का बघा. जुळली नसेल तर परत काढा, चालवून घेऊ नका.

पुढचं सोपं आहे. नट घट्ट, बॅटरी जोडा, दोन्ही इंडिकेटर, डिपर, वायपर, हॉर्न तपासा. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळवताना हॉर्न आपोआप वाजला तर वायर कुठेतरी चेपलीय.

एअरबॅगवाल्या गाडीला यातलं काहीही लागू नाही.