परदेशातला पहिला उन्हाळा: बिल नेमकं कुठे वाढतं

खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. ती चांगलीच आहे, पण नव्या देशातल्या घरात तेवढ्यावर विसंबू नका. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. कपाटात किंवा तळघरात दडलेली पाणी तापवायची टाकी मात्र तुम्ही झोपेत असतानाही आपणहून चालू होते. मध्यवर्ती एसी, पाण्याची टाकी आणि कपड्यांचा ड्रायर: बिलाचा मोठा वाटा या तिघांचा. त्यांना हात लावल्याशिवाय बिल उतरत नाही.

आधी मीटर शोधा. एखाद्या थंड रात्री एसी बंद ठेवून झोपताना आकडा टिपा आणि सकाळी, कुणी काही वापरायच्या आत, पुन्हा टिपा. ८ तासांत २.४ युनिट गेली असतील तर घर सतत ३०० वॅट खातंय, म्हणजे महिन्याला २१६ युनिट. चांगला फ्रिज सरासरी ५०-६० वॅटच घेतो. उरलेलं कुठे जातंय, ते एकेक प्लग काढून शोधा. गॅरेजमधला जुना दुसरा फ्रिज बहुतेकदा तिथेच सापडतो.

बिलावर दोन गोष्टी बघा. पहिली, मीटरचं वाचन प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे. अंदाजे असेल तर मीटरशी ताडून पाहा. दुसरी, दर वेळेनुसार बदलतो का. संध्याकाळी दर चढत असतील तर धुणं, भांड्यांचं यंत्र आणि इस्त्री त्या तासांतून बाहेर काढा. दोन महिन्यांची तुलना रकमेवर करू नका. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३३ दिवसांचं असू शकतं. रोजची सरासरी युनिटं काढा.

आता एसी. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारी कळ, १८ अंश सेल्सिअसवर नेला म्हणून घर लवकर गार होत नाही. साध्या यंत्रात कंप्रेसर एकतर पूर्ण ताकदीने चालतो, नाहीतर बंद असतो. आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. २६ वर लावा आणि जोडीला छताचा पंखा. पंखा खालून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवा आणि वारा अंगावर यायला हवा. येत नसेल तर पंखा पूर्ण थांबल्यावर त्याच्या अंगावरची छोटी कळ सरकवा. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

थर्मोस्टॅटवर फॅनची कळ ‘ऑटो’वरच ठेवा. ‘ऑन’वर ठेवली की कंप्रेसर थांबल्यावरही वारा चालू राहतो, गार कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) जमलेलं पाणी पुन्हा घरात उडतं आणि घर दमट होतं. मग २६ सुद्धा चिकट वाटतं आणि हात आपोआप २३ कडे जातो.

दिवसभर घराबाहेर असाल तर २९ वर ठेवून जा. ‘परत गार करायला जास्त वीज लागते’ हे खूप जण सांगतात, पण ते खरं नाही. आतबाहेरच्या तापमानातला फरक जितका कमी, तितकी उष्णता कमी शिरते. अपवाद चढ्या दराच्या तासांचा: ते सुरू व्हायच्या आधी घर २४ पर्यंत गार करून घ्या, मग आकडा वर न्या.

फिल्टरकडे दुर्लक्ष करणं सगळ्यात महागात पडतं. भिंतीवरच्या किंवा छतातल्या, हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीमागे, नाहीतर थेट यंत्रापाशी तो असतो. कडेच्या पुठ्ठ्यावर माप छापलेलं असतं, उदाहरणार्थ १६ × २५ × १ इंच. तेच माप आणा. पुठ्ठ्यावरचा बाण यंत्राच्या पंख्याच्या दिशेला यायला हवा. उन्हाळ्यात दर महिन्याला काढून उजेडासमोर धरा, पलीकडचा प्रकाश दिसेना झाला की बदला. जितका बारीक तितका चांगला, असं समजून १ इंची जाडीत मर्व्ह १३ बसवू नका (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा). बऱ्याच जुन्या यंत्रांचा त्याने श्वास कोंडतो. मर्व्ह ८ पुरतो. हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो, वारा मंदावतो आणि कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता फॅन ‘ऑन’ करा आणि तो पूर्ण वितळेपर्यंत, काही तास लागले तरी, थांबा. खरवडायला जाऊ नका, कॉइल फुटते.

यंत्राची तब्येत तपासायला एक साधा थर्मामीटर बास. एसी १५ मिनिटं चालल्यावर हवा ओढणाऱ्या जाळीपाशी आणि गार हवेच्या झरोक्यापाशी तापमान घ्या. फरक ८ ते ११ अंश हवा. कमी असेल तर बाहेरचं युनिट धुळीने भरलंय का पाहा: मुख्य स्विच बंद करून पाइपाच्या मंद धारेने धुवा आणि भोवती ६० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. तरीही सुधारलं नाही, तर तंत्रज्ञाला बोलवा.

एसी अचानक बंद पडला आणि ब्रेकर ठीक असेल, तर पाणी वाहून नेणारी पांढरी नळी पाहा. दमट दिवसांत एसी कित्येक लिटर पाणी काढतो. नळीत शेवाळ धरलं की पाणी तुंबतं आणि तरंगणारा सुरक्षा-स्विच यंत्र थांबवतो. नळीच्या बाहेरच्या टोकाला पाणीही ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावा, सांध्याला फडकं गुंडाळा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. पुढे महिन्यातून एकदा नळीच्या घरातल्या टोकाचं टोपण काढून कपभर पांढरं व्हिनेगर ओतत राहा.

न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांचे झरोके बंद करू नका. हवेच्या नळ्यांतला दाब वाढून थंड हवा सांध्यांतून भलतीकडे गळते. फिरत्या एसीला एकच पाइप असेल तर तो घ्यायच्या आधी विचार करा. तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतो. खिडकीत बसणारा त्याहून बरा.

ऊन काचेच्या बाहेरच अडवलेलं उत्तम. आतला पडदा त्यानंतरचा. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी झाका. रात्री बाहेरची हवा गारही असेल आणि कोरडीही, तरच खिडक्या उघडा.

पाण्याची टाकी ६० अंशांवर असेल तर ४९-५० वर आणा, पण त्याखाली नको. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात. घरात प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. विजेच्या टाकीला सहसा वर-खाली दोन थर्मोस्टॅट असतात. ब्रेकर बंद करूनच झाकण उघडा आणि दोन्ही सारखे लावा. भाड्याच्या घरात हे घरमालकाकडून करून घ्या. १५ अंशांचं पाणी ४० वर नेऊन ६० लिटरचा शॉवर घेतला, तर पावणेदोन युनिट लागतात. कपडे गार पाण्यात धुवा.

विजेचा ड्रायर एका खेपेला सुमारे ३ युनिट घेतो, शिवाय घरातली गार केलेली हवा बाहेर फेकतो. बाल्कनीत कपडे वाळवायला परवानगी आहे का, ते करारात पाहा. एसी चालू असलेल्या खोलीत ओले कपडे नको. त्यांचं सगळं पाणी एसीलाच काढावं लागतं. ड्रायर वापरलाच तर तंतूंची जाळी दर खेपेला साफ करा आणि तो चालू ठेवून झोपू नका, साठलेले तंतू पेट घेतात.

फ्रिज ४ अंश, फ्रीझर उणे १८. दारात कागद अडकवून ओढा. अलगद निसटला तर रबर सैल झालंय.

पाण्याचं बिल कारण नसताना चढलं असेल तर टॉयलेटच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी झडप गळतेय. ती बदलायला सहसा हत्यार लागत नाही. पाणी बंद करा, टाकी रिकामी करा, जुनी झडप काढून दुकानात सोबत न्या, कारण त्यात २ आणि ३ इंची अशी दोन मापं येतात आणि चुकीचं माप बसलं तरी गळती तशीच राहते.