पावसात वाहून न जाणारं खत घरच्या लघवीतून कसं बनवावं

कोकणात पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया जांभ्यातून झिरपून विहिरीला नाहीतर पऱ्याला जातो. माडाच्या मुळांना थोडाच लागतो. इकडे घरच्या सांडपाण्यातलं सुमारे ८० टक्के नत्र आणि जवळपास निम्मं स्फुरद एकट्या लघवीतून येतं, ते आपण शोषखड्ड्यात सोडतो. त्यातलं स्फुरद स्ट्रुवाइट नावाच्या पांढऱ्या भुकटीत पकडता येतं. काठमांडूजवळच्या सिद्धीपूर गावात हे करून पाहिलेलं आहे.

२० लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या. लोखंडी डबा गंजतो. त्यात नुसती लघवी साठवा, पाणी मिसळू नका. कुणाला अँटिबायोटिक चालू असेल तर त्यांची वगळा. कॅन भरला की बूच घट्ट लावून महिनाभर सावलीत ठेवा. आतल्या युरियाचा अमोनिया होतो, सामू (pH) ९ च्या आसपास चढतो आणि बरेचसे रोगजंतू मरतात. वास उग्र होणारच, म्हणून उघडताना तोंड बाजूला ठेवा.

आता कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणा. ५० ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवून कॅनमध्ये ओता आणि काठीने दहा मिनिटं ढवळा. गढूळपणा दिसेल, तेच मॅग्नेशियम, अमोनिया आणि स्फुरद एकत्र येऊन झालेले स्ट्रुवाइटचे स्फटिक. मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यातही असतं, लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम; पण त्याने उरलेलं पाणी खारट होतं, म्हणून मी ते सुचवणार नाही.

तासाभराने दुपदरी सुती कापडातून गाळा. भुकटी सावलीत वाळवा, चुलीवर कधीच नको. ५५ अंशांच्या वर तिच्यातला अमोनिया उडून जातो. एका कॅनमधून फार तर २० ते ४० ग्रॅम मिळेल. कमी वाटेल, पण आंब्याचं कलम लावताना खड्ड्याच्या मातीत मिसळायला ती मोलाची आहे: आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत ती सावकाश विरघळते आणि मुसळधार पावसातही मुळांशी टिकते.

गाळलेलं पाणी मात्र फेकू नका. बहुतेक नत्र आणि पालाश त्यातच आहे. दहापट पाणी घालून ते उन्हाळ्यात माडाच्या, केळीच्या आळ्यात द्या आणि लगेच माती ओढा. पानांवर नको, कोथिंबीर, माठ अशा भाज्यांना तर मुळीच नको. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यामुळे विहिरीलगतच्या माडांना हे पाणी देऊ नका, त्यांच्यासाठी भुकटीच वापरा.