लँडिंग हाताबाहेर जातं ते पहिल्या उसळीनंतर

बारामती, गोंदियाला फ्लाइंग शिकायला येणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती हवेत इंजिन बंद पडण्याची. इन्स्ट्रक्टर म्हणून सांगतो, तुमच्या हातून विमान मोडण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त असते ती लँडिंगला, लख्ख उजेडात, इंजिन ठणठणीत चालू असताना.

सेस्ना १७२ हे छोटं विमान पूर्ण फ्लॅपवर (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली) असताना फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरताना, वेग साधारण ६५ नॉट हवा. नवा विद्यार्थी ७५ ने येतो, कारण वेग जास्त असला की त्याला धीर वाटतो. मग फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित वर घेतल्यावर, विमान बसतच नाही, तरंगत राहतं. धावपट्टी संपत आलेली दिसते, म्हणून तो ते दाबून टेकवतो. पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं.

पुढचे दोन-तीन सेकंद नीट समजून घ्या. विमान जमिनीपासून काही फुटांवर लटकलेलं, नाक वर, समोर नुसतं आकाश, वेग घसरतोय, स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल संपत आल्याचा इशारा) वाजतेय. हात आपोआप योक (नाक वर-खाली करायचं स्टिअरिंग) पुढे ढकलतो. विमान पुन्हा नाकावर आदळतं, आधीपेक्षा जोरात उसळतं, हात पुन्हा पुढे जातो. यालाच पॉर्पॉइझिंग म्हणतात. दर आपटीला जोर वाढत जातो आणि शेवटी नोज व्हील दगा देतं. त्याचा पाय फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीला) जोडलेला असतो, त्यामुळे फायरवॉलसुद्धा चेपते. प्रोपेलरची पाती जमिनीला लागली तर इंजिन उघडून तपासावं लागतं. विमान हँगरमध्ये अडकतं, आणि सोबत सगळ्या बॅचचे तासही.

उसळी अगदी छोटी असेल तर नाक आहे तिथेच धरा, थोडी पॉवर द्या आणि विमानाला आपणहून बसू द्या. मोठी असेल किंवा जराही शंका आली, तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढायचं. थ्रॉटल पूर्ण पुढे, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) बंद, नाक आवरून धरा आणि उजवा रडर (पायातलं पेडल) द्या, कारण पूर्ण पॉवरला विमान डावीकडे ओढतं. फ्लॅप ३० अंशांवरून २० वर आणा, बाकीचे वेग आणि उंची मिळाल्यावर टप्प्याटप्प्याने. घाईत एकदम शून्यावर नेलेत, तर विमान एकदम खाली खचेल.

विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी हे सगळं आणखी अवघड होतं. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला फायनलवरच उचलते, आणि एअरस्पीड इंडिकेटर ६५ दाखवत असला तरी विरळ हवेमुळे प्रत्यक्ष वेग जास्त असतो. सुरुवातीची सर्किट्स (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा सराव) सकाळीच मागून घ्या.

सोलोआधी, म्हणजे एकट्याने उडण्याआधी, आणखी एक गोष्ट हट्टाने मागा: इन्स्ट्रक्टर शेजारी असताना बाऊन्समधून गो-अराउंडचा सराव. ‘वेळ आली की जमेल’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. वेळ येते तेव्हा शेजारची सीट रिकामी असते.